तोंडातले खिळे

काकूंच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यानं नवे दात बसवून घेतले आणि मिस्त्रींच्या घरातली शांतता गेली. तशी ती फार होती असं नाही, पण जी काही होती ती गेली.

साडूभाऊ ते दात दाखवायला आले दुपारच्या चहाला. "इकडे आलो होतो, म्हटलं डोकावून जावं," म्हणाले. डोकवायला येणारा माणूस केस रंगवून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून येत नाही. आणि आल्या आल्या फळही मागत नाही.

"ताई, एखादं सफरचंद आहे का हो घरात? कापू नका. अख्खंच द्या."

अख्खं सफरचंद त्यांनी खोलीच्या मधोमध उभं राहून खाल्लं. घास तोडायचा, मान इकडून तिकडे वळवायची, सगळ्यांनी पाहिलं ना याची खात्री करायची, मग पुढचा घास. मिस्त्रींची बायको, म्हणजे काकू, बघत राहिल्या. त्यांना वाटलं, आता कौतुक कमी पडलं तर हा गृहस्थ टेबलाचा पायही चावून दाखवेल.

"आत हाडात स्क्रू असतो, दादा," साडूभाऊ मिस्त्रींना म्हणाले. "थेट जबड्यात. म्हणजे आपलेच दात समजायचे. रात्री काढून पाण्यात ठेवायची भानगडच नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी मुद्दाम जोरात म्हटलं. मिस्त्रींची कवळी कपाटाच्या खणात रुमालात गुंडाळून पडलेली आहे, ही बातमी धाकटीनं त्यांना कधीच पुरवली होती. मिस्त्रींचे वरचे पुढचे दात तंबाखूनं एकेक करून नेले, त्यालाही आता बराच काळ लोटला. कवळी त्यांनी एक दिवस घातली, टोचते म्हणून काढली आणि वर बनवणाऱ्याला शिव्या घातल्या. तेव्हापासून त्यांचं सगळं चालतं ते बाजूच्या दाढांवर आणि तोऱ्यावर.

"दुखलं का हो, भाऊजी?" काकूंनी तोंडावर हात धरून विचारलं.

"छे! दुखायचंय काय त्यात?" साडूभाऊंनी उत्तर दिलं ते मिस्त्रींकडे बघून.

काकू बोलताना तोंडावर हात का धरतात, हे त्यांनी विचारलं नाही. कुणीच विचारत नसे. काकूंचा वरचा पुढचा एक दात अर्ध्यावर तुटून काळा पडला होता आणि त्याच्या शेजारच्याला कानशीनं घासल्यासारखी खाच पडली होती. दोन वर्षं त्या हाताआडून बोलत होत्या, हाताआडून हसत होत्या, आणि पुढे पुढे दोन्ही कमीच करत होत्या. लोक म्हणायचे, काकू हल्ली किती शांत झाल्या! अरे वा! ज्या बाईच्या तोंडाला अख्खी गल्ली वचकून होती ती बाई गप्प होते, आणि लोकांना त्यात शांती दिसते. धन्य आहे. काकूंना शांती नको होती, त्यांना दात हवा होता. एक दात, बस. हात खाली घेऊन, समोरच्याच्या डोळ्यात बघून चार शब्द सुनावायचे होते. पण त्या घरात दातांचा विषय निघाला की तो मिस्त्रींच्या दातांचाच असायचा. दुसऱ्या कुणाला तोंड असतं हे जणू कुणाला ठाऊकच नव्हतं.

हा दात तुटला कसा, ते कळायला मिस्त्रींची काम करायची पद्धत सांगायला हवी. ती पद्धत पाहायला लोक दुकानाबाहेर थांबत, तेव्हा ऐकाच.

मिस्त्री सोफ्यांना आणि खुर्च्यांना कापड चढवतात. एका हातानं कापड ताणून धरायचं, दुसऱ्या हातात हातोडी, मग खिळा धरणार कोण? तर तोंड. जुने कारागीर मूठभर बारीक खिळे तोंडात टाकत, जिभेनं एकेक पुढे ढकलत, हातोडीच्या टोकाला लोहचुंबक असतं ते ओठांशी नेलं की खिळा त्याला चिकटे, आणि ठक! हल्ली सगळे जण हवेवर चालणारी गन वापरतात. दाबली की पिन आत. पण मिस्त्रींच्या मते गन वापरणारे ते कारागीरच नव्हेत, ते नुसते ट्रिगर दाबणारे. तंबाखूनं दात गेले तेव्हा तोंडात खिळा टिकेना. एकदा तर एक खिळा घशाकडे निघाला आणि ठसका लागून मिस्त्री निळे पडायचे बाकी राहिले. शहाण्या माणसानं दुसऱ्या दिवशी गन आणली असती. मिस्त्रींनी काकूंना शिलाई मशीनवरून उठवून शेजारी बसवलं.

तेव्हापासून खिळे काकूंच्या तोंडात. त्यांनी दातात एक खिळा धरायचा, मिस्त्रींनी हातोडी त्यांच्या ओठांशी न्यायची, खिळा उचलायचा आणि ठोकायचा. पुन्हा हातोडी तोंडाशी. दिवसभर हेच. गिऱ्हाइकं बघून हरखून जात. "वा, काय जोडी आहे!" म्हणत. मिस्त्री छाती फुगवून म्हणत, "ही कला आहे, साहेब. मशीनला नाही जमायची." कला तर होतीच. लोखंड नवऱ्याच्या हातात, तोंड बायकोचं आणि वाहवा नवऱ्याची.

मग एक दिवस एका हॉटेलच्या खुर्च्या घाईनं द्यायच्या होत्या. मिस्त्रींचं लक्ष दाराशी उभ्या गिऱ्हाइकाकडे, बाता मारणं चालू, आणि हातोडी अंदाजानं काकूंच्या तोंडाकडे. टण्ण. काकूंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. रक्त कापडावर पडू नये म्हणून त्यांनी मान मागे घेतली. हो, आधी कापड वाचवलं, मग तोंड! आणि मिस्त्री काय म्हणाले? "अगं, हलू नको म्हणून सांगतो ना तुला!" संध्याकाळी शेजाऱ्यांना त्यांनी सांगितलं की हिनं फळातली बी चावली. काकूंनी मूग गिळले. तेव्हापासून दात गेला तो बीनंच गेला, असं घरात ठरून गेलं. मुलीलाही फोनवर तेच सांगितलं गेलं.

तर साडूभाऊ सफरचंद संपवून गेले आणि मिस्त्रींची झोप उडाली. बसता उठता एकच विषय. फोनवर दातांचे व्हिडिओ, त्यात गोरेगोमटे म्हातारे-म्हाताऱ्या समुद्रकिनाऱ्यावर उगाचच हसत असायचे. शेजारचा घड्याळजी म्हणाला, अजिबात करू नका, मेंदूला धक्का बसतो. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, कराच. त्या घड्याळजीला मेंदूची एवढी काळजी कधीपासून लागली, असं काकूंच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण त्याकरता हात खाली घ्यावा लागला असता.

"मला ते शोभेल का गं?" मिस्त्रींनी आरशासमोर ओठ वर करून विचारलं.

"शोभेल की नाही ते नका विचारू. आपल्या तोंडाला चालेल का ते विचारा."

"त्याला काय झालंय? साडूला चाललं, मला न चालायला काय!"

शेवटी त्यांनी साडूच्याच दातांच्या डॉक्टरकडे वेळ घेतली. काकूंना म्हणाले, "तूही चल. येताना कापडवाल्याकडे जायचंय." काकूंनी ओळखलं. कापडवाल्याकडे हा माणूस आजवर एकटाच जात आला होता. सुईची भीती वाटते हे तोंडानं सांगायचं नाही, म्हणून कापडवाला.

दवाखान्यात भिंतीवर मोठमोठी चित्रं होती. फक्त दात आणि त्यांना हिरड्या, बाकी चेहराच नाही. बाकड्यावर बसलेले सगळे पेशंट गाल धरून त्या हसणाऱ्या दातांकडे रागानं बघत होते. डॉक्टरीणबाई मुलीच्या वयाची. हातमोजे घालता घालता तिनं विचारायला सुरुवात केली आणि मिस्त्रींनी खोटं बोलायला.

"तंबाखू?"

"सोडली."

"कधी?"

"झाली की... बरीच वर्षं."

पुडी शर्टाच्या खिशातून डोकं काढून बघत होती. काकूंनी छताकडे पाहिलं.

"साखर आहे का?"

"अगदी थोडी. असून नसल्यासारखी."

डॉक्टरीणबाईनं बोटातून थेंबभर रक्त काढून तिथेच तपासलं. मिस्त्रींनी डोळे घट्ट मिटून काकूंचं मनगट असं आवळलं की त्यांच्या बांगड्या रुतल्या. मग जबड्याचा फोटो निघाला, हिरड्या तपासून झाल्या. पडद्यावर मिस्त्रींचा जबडा उमटला तेव्हा ते त्याच्याकडे मोठ्या अभिमानानं बघू लागले.

"काका, खरं सांगू?" ती म्हणाली. "आत्ता हे तुमच्यासाठी योग्य नाही. साखर खूप वाढलेली आहे. हिरड्या सुजलेल्या आहेत, आणि तंबाखू चालू आहे, मला दिसतंय. दात जाऊन बरीच वर्षं झाली की तिथलं हाड झिजतं. तुमचं पार पातळ झालंय. आम्ही स्क्रू बसवतो, पण त्याला धरायचं काम हाडाचं. त्याला काही महिने लागतात. हाडच धड नसेल, जखमच भरत नसेल, तर तो हलायला लागतो आणि काढून टाकावा लागतो."

"पण आमच्या साडूला तर बसवलेत!"

"त्यांचं तोंड त्यांचं, तुमचं तुमचं. तंबाखू सोडा, साखर आटोक्यात आणा, हिरड्यांवर उपचार करू. मग परत फोटो काढून बघू. लागलं तर हाडाची भर घालावी लागेल. तोवर तुम्हाला मापाची कवळी करून देते. ही टोचणार नाही."

मिस्त्रींचं तोंड पडलं. सांगाडा सडलेला सोफा घेऊन कुणी दुकानात आलं की हेच मिस्त्री त्याला ऐकवत, वरून मखमल चढवून काय उपयोग, आत लाकूड नको का? गिऱ्हाइकाला शिकवताना एवढी अक्कल, आणि स्वतःचा जबडा पडद्यावर दिसत असताना साडूचं नाव! काकूंना हसू आलं. हात सवयीनं तोंडाकडे गेला.

आणि डॉक्टरीणबाईची नजर त्या हातावर गेली.

"काकू, तुम्हाला काय होतंय?"

"कुठे काय?" काकू हाताआडून म्हणाल्या.

"मग हात का धरलाय?"

दोन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. रडू यायचं काही कारण नव्हतं, आणि एवढ्याशा प्रश्नावर रडू यावं याचीच काकूंना चीड आली.

"तिचं काही नाही हो," मिस्त्री खुर्चीतूनच म्हणाले. "एक दात तुटलाय. फळातली बी चावली."

"बसा काकू. बघू तरी."

मिस्त्रींना खुर्चीतून उठावं लागलं. ते उठले, पण असे की जणू त्यांची जागा कुणीतरी बळकावली. काकू बसल्या, डोक्यावरचा दिवा लागला, तोंड उघडलं. डॉक्टरीणबाईनं आरसा आत घातला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"हा बीनं तुटलेला नाही. समोरून मार लागलाय. आणि ही शेजारची खाच? ही तर रोज काहीतरी दातात धरल्याशिवाय पडत नाही. काय लागलं होतं, काकू?"

मिस्त्री भिंतीवरची हिरडी निरखू लागले. कधी नव्हे ती त्यांना हिरड्यांची गोडी लागली होती.

काकूंनी आरसा बाहेर येऊ दिला. हात मांडीवरच ठेवला.

"हातोडी," त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईनं मिस्त्रींकडे पाहिलं. त्या पाहण्यानं मिस्त्री एवढेसे झाले.

"तसं नाही हो!" ते घाईघाईनं म्हणाले. "मारलं नाही काही! काम करताना... ती खिळे धरते ना तोंडात. माझ्यासाठी. आमची पद्धत आहे ती."

"तोंडात? खिळे?"

मग काकूंनी सगळं सांगितलं. तंबाखू, ठसका, मशीनवरून उठवणं, हॉटेलच्या खुर्च्या, दाराशी उभं असलेलं गिऱ्हाईक. दोन वर्षांचं साचलेलं होतं, ते धडाधड बाहेर आलं. तुटक्या दातातून शब्द शीळ घालत निघत होते आणि काकूंना त्याची आज लाज वाटली नाही. मिस्त्री मधेच म्हणाले, "पुरे, त्यांना इतर पेशंट आहेत." डॉक्टरीणबाई म्हणाली, "मला वेळ आहे."

बोटातलं थेंबभर रक्त काकूंचंही तपासून झालं, फोटोही निघाला. डॉक्टरीणबाईनं तो पडद्यावर लावला.

"मूळ तडकलंय, दात काढावाच लागेल. पण तुमचं हाड छान आहे. हिरड्या निरोगी, साखर नाही. तीन मार्ग आहेत. एक दाताची काढता-घालता येणारी कवळी. नाहीतर ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधारानं बसवलेला दात, पण त्यात ते दात घासावे लागतात, आणि त्यातल्या एकाला आधीच खाच आहे. नाहीतर स्क्रूवर दात. तो तुमच्यासाठी योग्य आहे, असं माझं मत. वेळ लागेल, थोडं दुखेल. दुखत नाही म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. खाच मी भरून देईन. पण एकच अट आहे. तोंडात खिळा पुन्हा कधीही धरायचा नाही. एकदासुद्धा नाही. ते जमणार असेल तरच मी करीन. नीट विचार करून सांगा."

काकू काही बोलायच्या आत मिस्त्री बोलले.

"मग खिळे कोण धरणार?"

त्यांनी ते चिडून विचारलं नाही, हिणवूनही नाही. खरंच अडचण पडलेल्या माणसासारखं विचारलं. बायकोच्या जबड्याचा फोटो समोर लावलेला, तुटलेलं मूळ लहान पोरालाही कळेल असं दिसतंय, आणि या माणसाला काळजी कसली तर खिळ्यांची. काकूंचं डोकं सणकलं. पण खरा घाव त्याचा नव्हता. मिस्त्रींनी विचारण्याआधी, अगदी क्षणभर आधी, काकूंच्या मनात तोच प्रश्न आला होता. शब्दसुद्धा तेच. दात मिळणार म्हणून आनंद होण्याआधी त्यांना पडला तो खिळ्यांचा विचार. मिस्त्रींना नावं ठेवत ठेवत त्या स्वतःच स्वतःला डबी समजायला लागल्या होत्या, खिळ्यांची डबी. त्यांना स्वतःची एवढी किळस आयुष्यात आली नव्हती.

"तारीख द्या," त्या म्हणाल्या.

"घरी जाऊन विचार केलात तरी चालेल, काकू. घाई नाही."

"केला विचार. यांच्या दातांसाठी पैसे बाजूला काढलेले आहेत, ते आता पडूनच राहणार. तारीख द्या."

कापडवाल्याकडे कुणी गेलं नाही. रस्ताभर मिस्त्री बोलत होते. या वयात कशाला, कोण बघायला येतंय, जबड्यात स्क्रू म्हणजे काय खेळ आहे का, घड्याळजी सांगत होता मेंदूला धक्का बसतो. स्वतःला बसवायचा होता तोवर स्क्रू गुणाचा होता. आता एकाएकी तो जिवावरचा झाला.

"मला तरी कुठे बसवला?" शेवटी ते म्हणाले. "आपण दोघंही राहू की असेच. काय बिघडलंय?"

"तुम्ही राहा," काकू म्हणाल्या. "तुम्हाला सवय आहे."

समोरून येणारा घड्याळजी थबकला. एवढा खणखणीत आवाज कुठून येतोय तेच त्याला आधी कळेना, मग दिसलं, काकूंचा हात तोंडावर नाही.

"आणि तुम्ही हो," काकू त्याला म्हणाल्या, "तुमची घड्याळं दुरुस्त करा. माझ्या मेंदूचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी दुकानात एक मोठा सोफा उलटा घातलेला होता. मिस्त्रींनी कापड ओढलं, गुडघ्यानं दाबून धरलं आणि बघितलंही नाही, सवयीनं हातोडी बाजूला नेली. ती काकूंच्या तोंडासमोर येऊन थांबली. काकूंनी ओठ मिटलेले होते.

"अगं, कापड सुटतंय. आ कर."

"आ करायचा तो आता डॉक्टरीणबाईसमोर," काकू म्हणाल्या, आणि उठून आपल्या शिलाई मशीनवर जाऊन बसल्या.